मांडीवरची बॅग

एसटीच्या तापलेल्या सीटचा वास आला की मुलीच्या प्रवेशासाठी केलेला मुकुटबन-यवतमाळ प्रवास आठवतो. गाडी खचाखच भरलेली. उभ्याचं सामान बसलेल्यानं सांभाळायचं, या रीतीनं एका म्हाताऱ्यानं माझी बॅग मांडीवर घेतली. "मारेगावले उतरतो मी," म्हणाला. बॅगेत मुलीची सात मूळ प्रमाणपत्रं होती. गर्दीनं मला पार दारापर्यंत ढकललं. मारेगाव आलं, गेलं. तो उतरलाच नाही. बॅगेवर डोळा ठेवूनच तो खोटं बोलला, असा मला संशय आला. पुढच्या थांब्यावर वाट काढत मी बॅग ओढून घेतली आणि त्याच्यासमोरच कागद मोजले. सात भरले. "काका, मारेगावले काहून नाही उतरले?" "तुमची बॅग कोणाले देऊ? तुम्ही दिसूनच नाही राह्यले!" एवढं बोलून तो उतरला. आभार मानायचं सुचलं तेव्हा गाडी सुटली होती आणि तो भर उन्हात परतीच्या गाडीची वाट पाहत उभा होता. हातात परत आलेले कागद मी आजही मोजून घेतो. पण त्या दिवशी त्याच्या तोंडासमोर मोजले, ते सलतं.