वाळवंटातल्या धरणाचा वेल्डर

नवी भिंत दिसली की तो तिच्यावर तळहात थापायचा आणि निकाल द्यायचा, "कच्चं हाय." घुग्घुसला एका शेजाऱ्याच्या वास्तुशांतीतही त्याने हेच केलं. यजमान पंगत सोडून धावत आले. असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. बोलावलं तर पंचाईत, नाही बोलावलं तर चुकल्यासारखं वाटतं.

सिमेंट कारखान्यात आम्ही एकाच पाळीत होतो. त्याआधी तो एका वाळवंटी देशात मोठ्या धरणावर वेल्डर होता. डबा उघडला की तोच विषय. "लाइट त्यातूनच, शेती त्यातूनच, प्यायचं पानी त्यातूनच. काँक्रीट तापू नये म्हनून त्यात बर्फ टाकत होते, भाऊ. अन् आमाले प्याले गरम पानी!" आम्ही हसायचो. तोही हसायचा.

एकदा त्याच्या घरी गेलो. बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी एका तरुणाचा हार घातलेला फोटो होता.

"माया लहान भाऊ," तो म्हणाला. "मीच नेलं होतं त्याले धरनावर."

त्याची आई चहा घेऊन आली. "टेकडीवर पुरलं त्याले," ती मला सांगू लागली. "झाड आहे म्हने तिथी. एक डाव दाखव म्हनलं, तर हा नेतच नाई."

रस्त्यावर आल्यावर त्याने खरं सांगितलं. भाऊ धरणाच्या भिंतीवरून पडला. प्रेत गावी पाठवायची परवानगी काही येईना.

"जाळावं म्हनलं, तर तिथी लाकूड कुठी? आमी जंगलातले, अन् त्याले सरनाले लाकूड नाई भेटलं."

शेवटी छावणीमागच्या सखल वाळूत पुरलं. पुढे धरणाचे दरवाजे बंद झाले. "ते दरवाजे मीच वेल्ड केले होते, भाऊ. काठावर उभा राहून पाहून राह्यलो होतो. पानी चढत गेलं, त्याच्यावरून गेलं." कोळशाचा ट्रक धूळ उडवत गेला. "आईले कोन्या तोंडानं सांगू?"

गेल्या वर्षी त्या दरवाजांच्या दुरुस्तीला माणसं हवीत असं कळलं. त्याने नोकरी सोडली. "तलाव खाली करतीन. हाडं तरी आनतो," म्हणाला. मी अडवलं नाही.

तिकडून एकदाच फोन आला. "पानी उतरवत नाई, भाऊ. एकेका दरवाजापुढलं पानी अडवून काम करते. शहराले लाइट लागते ना."

"मग परत ये."

"हो," म्हणाला. त्यानंतर फोन बंदच. काम सोडून कुठेतरी निघून गेला, एवढंच कंत्राटदाराने सांगितलं.

त्याच्या आईकडे मी अधूनमधून जातो. परवा तिने विचारलं, "दोघं सोबत असतीन ना रे तिथी?"

"हो, बाई," मी म्हणालो. "सोबतच आहेत."