जयरामभाऊंची इटालियन पंगत

वसईतल्या होळी गावात कोणालाही विचारा, जयरामभाऊंना जेवताना कधी पाहिलंय का? माणूस विचारात पडेल. वाडीत केळीला पाणी सोडताना पाहिलंय, बाजारात अळूच्या जुड्या बांधताना पाहिलंय, पण पानावर बसलेले? छे! लग्न कुणाचंही असो, भाऊ पंगतीच्या दोन ओळींमध्ये उभे. कमरेला पंचा, हातात बादली आणि तोंडाने गजर, "वरण, वरण, वरण आलंय होऽऽ! लाजू नका, घरी जाऊन भाकरी शोधाल!"

सोळाव्या वर्षापासून वाढतात, आता बासष्ट झाले. बुफे आला, कॅटरिंगवाले आले, तरी होळीतल्या लग्नात भाऊंसाठी म्हणून दोन पंगती बसतातच. भाऊ चेहऱ्याकडे बघत नाहीत, हाताकडे बघतात. 'नको' म्हणताना तळवा पानावर घट्ट दाबला, की पुढे सरकायचं. तळवा अधांतरी आणि बोटं फाकलेली, की अर्धा डाव घालायचा. मग तो माणूस "अहो, अहो, काय हे" म्हणतो आणि शेवटच्या शितापर्यंत खातो.

असा माणूस त्या शनिवारी संध्याकाळी नाट्यगृहासमोरच्या इटालियन हॉटेलात लाल गादीच्या खुर्चीवर बसला होता आणि त्याला दरदरून घाम फुटला होता. एसी चालू असताना.

कारण होती हेमाली, त्यांची एकुलती एक मुलगी. बँकेत नोकरी आणि तिथेच जमलेला प्रणव, आठ महिन्यांपूर्वी तिने घरी सांगितलेला. मुलगा नायगावकडचा, खाडीकाठच्या भातशेतीवाल्या घरातला. हेमालीचं घर वाडीवाल्यांचं. वसईतल्या वसईत, पण जात वेगळी, बोली वेगळी, सोयरीक आजवर झालेली नाही. मुलाच्या आईने, सत्यवतीबाईंनी, एकच वाक्य सांगितलं होतं, "आधी मानसं बघू, मग बोलू." हो म्हणायचं की नाही, ते आज ठरणार होतं. जागा मुलांनीच शोधली. कुणाच्या घरी नको, मान-अपमान नको. आधी इथे जेवण, मग समोर साडेसातचं नाटक.

घरून निघताना हेमालीने वडिलांना दम भरला होता. "बाबा, आज उठायचं नाही. आग्रह करायचा नाही. तिथे वाढायला माणसं असतात."

"अगं, पण व्याही जेवायचे नि मी समोर बसून गिळायचं? मुलीचा बाप आहे मी. त्यांचे हात धुऊन झाल्यावर..."

"बाबा!"

"बरं बाई, बसतो."

आणि बसले. शेजारी बायको सुशीला, समोर प्रणवचे वडील श्रीपतराव आणि सत्यवतीबाई, दोन टोकांना दोन मुलं. टेबलापाशी एक चुणचुणीत मुलगी आली, काळा एप्रन, हातात वही.

"हॅलोऽ, गुड ईव्हनिंग! माझं नाव टिफनी, आज मी तुमची काळजी घेणार आहे!"

सत्यवतीबाई दचकल्या. "का? काय झालं?"

"काही नाही आई, तसं बोलतात इथे," प्रणव घाईघाईने म्हणाला.

"पाणी नॉर्मल की मिनरल?"

"पानी म्हंजे पानी," श्रीपतराव म्हणाले.

मेनूकार्डं उघडली गेली, पाटासारखी मोठी. त्यांच्यामागे चारही आईबाप दिसेनासे झाले. सुशीलाबाईंनी कार्डाआडून नवऱ्याला विचारलं, "ह्यात भात कुठे आहे?" शेवटी मुलांनीच सांगून टाकलं. दोन पिझ्झा, पांढरा पास्ता, लाल पास्ता आणि गार्लिक ब्रेड. गार्लिक ब्रेड हवा तेवढा, फुकट.

जेवण आलं. काटे-चमचे खणखणले. "ट्रॅफिक फार वाढलंय हल्ली." "हो ना." "पूल झाला की बरं होईल." "हो ना." बोलणं असं ठिबकत होतं. भाऊंनी पास्त्याचा एक तुकडा काट्याला लावला, तो निसटून श्रीपतरावांच्या पाण्याच्या ग्लासापाशी जाऊन थांबला. हेमालीने डोळे मिटले.

तेवढ्यात हॉटेल भरलं. नाटकाला आलेली सगळी वसई एकदम आत घुसली. "एक्सक्यूज मी, आमचं किती वेळ?" "ओ मॅडम, साडेसातचा शो आहे आमचा!" "भैया, सूप! सूप कुठाय?" टिफनी एका टेबलावरून दुसऱ्यावर धावत होती. तिच्या हातात ब्रेडची टोपली होती आणि ती टोपली कुठेच रिकामी होत नव्हती. पलीकडच्या टेबलावर एका आजोबांनी दोनदा हात वर केला, दोनदा खाली घेतला.

भाऊंची बोटं मांडीवर वळवळली. त्यांनी नजर दुसरीकडे वळवली, ती नेमकी सत्यवतीबाईंच्या हातांवर गेली. दोन्ही हात पदराखाली. ताटातला पिझ्झा तसाच, एका कोपऱ्यात काट्याची चार भोकं. बाई कधीपासून जेवतच नव्हत्या! आणि आपण समोर बसून ट्रॅफिकवर बोलतोय.

मग मात्र राहवेना. टिफनी जवळून जात होती. भाऊ उठले. "आण गं पोरी, मी धरतो. तू सूप बघ."

"अंकल, नाही, असं अलाऊड..."

तोवर टोपली भाऊंच्या डाव्या हातावर बसलीसुद्धा. हेमाली "बाबा" म्हणाली, पण ते इतकं हळू की तिचं तिलाच ऐकू आलं नाही.

"ब्रेड, ब्रेड, गरम ब्रेड आलाय होऽऽ!" आधी पलीकडच्या आजोबांना दोन. मग वळून सत्यवतीबाईंपुढे. "विहीणबाई, तो काटा ठेवा बाजूला. मलासुद्धा जमत नाही, तुमच्या यजमानांना विचारा, मघाशी त्यांच्याकडे पास्ता पाठवला मी. हाताने घ्या. हं, असा. ह्याला लावा तो पांढरा रस्सा."

प्रणव आईकडे बघायला लागला.

सत्यवतीबाईंनी पदराखालून हात काढला. ब्रेड मोडला, रश्श्यात बुडवला, तोंडात टाकला. चावला. श्रीपतराव बघत होते.

"भाऊ," बाई म्हणाल्या, "आनखी एक वाढा."

"एक कशाला? दोन घ्या!"

"आनि ह्यांना पन. दुपारपास्नं नाय जेवले. बोलले, थितं इंग्लिश लोकांसारखं खावं लागंल, पोट भरलेलं बरं नाय दिसनार."

श्रीपतराव एवढे हसले की त्यांना ठसका लागला. सुशीलाबाईंनी पाणी पुढे केलं, नॉर्मलच. मग पिझ्झ्याचे तुकडे हातात आले, चीजच्या तारा हनुवटीला लोंबल्या आणि मुलांच्या बालपणीची सगळी फजिती टेबलावर निघाली. टिफनी सगळ्यांना सूप देऊन परत आली तेव्हा हात जोडून म्हणाली, "अंकल, मी इथलीच, पापडी गावची. माझ्या चुलतभावाच्या लग्नात वाढायला या, तुमचा नंबर हवा मला."

खाऊन झाल्यावर भाऊ हात धुवायला गेले. बेसिनच्या भिंतीपलीकडे बायकांचं स्वच्छतागृह होतं. तिथून आवाज आला. सत्यवतीबाई बहिणीशी फोनवर बोलत होत्या, म्हणजे फोन नसता तरी नायगावात ऐकू गेलं असतं.

"अगो, झालं बघनं! ... नाय गो, कसले शिष्ट? मी पन तेच बोलत व्हते, वाडीवाली, शिकलेली, आपल्याला हसतील. रातभर झोप नाय मना. ... नाय, नाय. मानसं हायत, आपल्यासारखी मानसं! बाप तर आख्ख्या हाटेलाला वाढत फिरला! ... हा, माझ्याकडनं होकार. दिवाळीच्या आधी साखरपुडा धरू. तू यायचं, जावयाला पन घेऊन यायचं."

भाऊ नळाखाली हात धरून तसेच उभे राहिले. आठ महिन्यांनी पहिल्यांदा त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि तो सोडता सोडता त्यांच्या तोंडून चक्क शीळ निघाली.

दारात हेमाली उभी होती, रडवेली. "बाबा, त्या रागावून आत गेल्या का हो? काय म्हणाल्या?"

"अगं, रागावतात कसल्या?" भाऊंनी ओल्या हातानेच तिच्या पाठीत थाप मारली. "प्रणवच्या मावशीबाईंना साखरपुड्याचं आमंत्रण चाललंय. चल, नाटक सुरू होईल."