पाहुण्यांना घर सांगायचं नाही

माझ्या बहिणीला बघायला आलेल्या पाहुण्यांना माझ्याच विद्यार्थ्यांनी गावाबाहेर हाकललं, आणि त्यात मुलांची काडीचीही चूक नव्हती.

जव्हार-मोखाडा रस्त्यावरच्या फाट्यापासून आत आमचं गाव. शाळेत नुकतंच फोनच्या तारेतून इंटरनेट आलं होतं. (तार कुरकुरायची, मग खोकायची, मग लागायची!) पहिल्या दिवशी पडद्यावर बर्फाचा डोंगर वरून खाली इंचाइंचाने उतरला. अख्खा वर्ग श्वास रोखून बसला होता. मीसुद्धा!

"सर, तिथल्या लोकांना आमी दिसतो का?" जनीने विचारलं.

या प्रश्नाने मी असा घाबरलो की त्याच दमात नियम ठोकला, "अनोळखी माणसाला नाव, गाव, घर सांगायचं नाही! कितीही गोड बोलला, खाऊ दिला, तरी नाही!" इंटरनेटवर, हा शब्द घाईत राहूनच गेला.

आता आमच्याकडे घरांना नंबर नाहीत. घरं पाड्यापाड्यांवर विखुरलेली. पत्ता म्हणजे वाटेत भेटेल तो माणूस!

रविवारी मंदाला बघायला मोखाड्याकडून मुलगा आणि त्याचे वडील येणार होते. मामाने आणलेलं हे स्थळ मंदाला फोटोवरूनच पसंत होतं. याआधीची सगळी तिने नाक मुरडून परत पाठवलेली. आई सकाळपासून देवाला हात जोडून होती. दुपार कलली तरी पाहुण्यांचा पत्ता नाही. तेवढ्यात जनी धापा टाकत आली.

"सर! दोन मानसं तुमचा घर विचारत होती. आमी कायच नाय सांगला!"

"काय?"

"मी विचारला, वळखीचे का? तं म्हातारा म्हनतो, आता होऊ की वळखीचे. मी म्हनला, मंग झाल्यावर या! मंग त्याने खाऊ काढला, तुमी सांगला तसाच!" तिचे डोळे चमकत होते. "कोनीच नाय घेतला! फाट्याची वाट दावली त्यांना."

इतक्या वर्षांच्या नोकरीत माझं एवढं कुणी ऐकलं नव्हतं. त्या घाईतही मी थक्क झालो!

"ही सोयरीक मोडली तर तुझा कंप्युटर विहिरीत टाकीन!" आई ओरडली. मंदाने डोळे पुसत दाराकडे बोट दाखवलं. मी पायात येतील त्या चपला घालून पळालो. (दोन्ही डाव्या होत्या.)

फाट्यावर पाहुणे एस.टी.ला हात दाखवतच होते. हातापाया पडून त्यांना परत आणलं, तर पाड्याच्या तोंडाशी माझी फौज उभी!

"सर, यांना तुमी वळखता?"

"तसं... आत्ताच भेटलो."

"मंग घर कशाला दावता?"

मुलाच्या वडिलांनी खाऊची पुडी पिशवीत आणखी खोल कोंबली. घरीही ते कपाळाला आठ्या घालूनच बसले. मंदा चहा घेऊन आली. त्यांनी कप उचलला आणि घसा खाकरून विचारलं, "नाव काय, मुली?"

मंदाने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दादा," ती म्हणाली, "सांगू का?"

त्यांना असा ठसका लागला की चहा धोतरावर! हसता हसता त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "मुलगी पसंत! मास्तर मात्र तुमच्याकडेच ठेवा."

मास्तरांच्या बहिणीचं लग्न इंटरनेटमुळे जमलं, असं गावात अजून कौतुकाने सांगतात. ते जमलं मंदाच्या जिभेमुळे. मी माझ्याकडून मोडायची पूर्ण तयारी केली होती!