मंजुळाचा मोगरा आणि मिठाची गोण

माजिवड्याच्या गावठाणात मंजुळा आमची शेजारीण होती. आगऱ्यांच्या घरची थोरली सून, नाथाची बायको. कामाला खंबीर, बोलायला तिखट. तिला मत्सर वाटला की तो लपवता येत नसे. आधी नाकपुड्या फुलत, मग ती माझ्याकडे येई.

१९८८च्या उन्हाळ्यात धाकटा दीर बाळ याने त्याच अंगणात स्लॅबचे घर बांधले, तेव्हा ती रोज येऊ लागली.

"बाई, तीन पंखे! माणसं किती? दोन. तिसरा काय भिंतीला वारा घालणार?"

मी हसले, ती हसली नाही. तिचे दुखणे पंख्यांचे नव्हतेच. सासू ठमाबाईची सारी उमर मिठागरात गेली होती. तिच्या फुटलेल्या टाचांना मंजुळाच रोज खोबरेल लावी. आणि उकाड्याने हैराण झालेली तीच सासू म्हणाली होती, "बालचे घरात लाइट आली का मी तिकरंच निजाला जाईन."

त्या दिवसापासून मंजुळा लाइट न येण्याची वाट पाहत होती.

वायरमन दौलत अर्थिंग तपासायला आला. त्याशिवाय घरात राहायचे नाही, असे त्याने बजावले होते. सगळे जमले, मंजुळा सूप घेऊन उगीचच तांदूळ निवडत बसली. दौलतने दिव्याच्या होल्डरच्या दोन वायरींपैकी एक फेजला लावली, दुसरी अर्थिंगच्या खड्ड्यातून वर आलेल्या तारेला. दिवा लागला, पण नुसता लालसर, म्हणजे अर्थिंग कच्चे.

"अगं बाई, एवढ्या मोठ्या घरात काजवा!" मंजुळा म्हणाली. त्या एका वाक्यात तिचा सगळा उन्हाळा होता.

"खड्ड्यात मीठ-कोळसा घातला होतात ना?" दौलतने विचारले.

"अख्खी गोण आणलेली मी," बाळ म्हणाला.

उकरून पाहिले. कोळसा होता, तांब्याचा पत्रा होता, मिठाचा खडा नव्हता. बाळची बायको शालू मंजुळाकडे वळली. "जाऊबाई, आमचं घर डोळ्यांत खुपतं ते ठाऊक होतं. पण गोण पळवायची?"

मंजुळाच्या हातातले सूप कलंडले.

"तिला कं बोलतेस?" ओट्यावरून ठमाबाई म्हणाली. "गोन माजे खाटंखाली हाय. खड्डा खनणारे गरी जेवाला गेलं तवा मीच ओढून नेली. आल्यावर त्यांना वरून माती लोटाला लावली."

"आई, अगं कशाला?" बाळने विचारले.

"खड्ड्याला लागून मंजुलाचा मोगरा हाय ना. खारे भुईत कोंब येत नाय, मिठागरात जलम गेला माजा. मोगरा जलला असता तिचा."

मंजुळा खाली सांडलेले तांदूळ भरू लागली. मग उठली, कुदळ घेतली आणि मुळांभोवतीच्या मातीसकट मोगरा खणून काढला. तो आपल्या दाराशी लावून ती दिराला म्हणाली, "घाला आता मीठ, भावजी. म्हातारीला शॉक नको बसायला."

मीठ पडले, पाणी पडले, दिवा लख्ख लागला. ठमाबाई पंख्याखाली निजायला गेली.

खड्डा ओला ठेवा, असे दौलत सांगून गेला होता, पण शालू विसरे. सकाळी मंजुळा आधी मोगऱ्याला पाणी घाली, मग पुटपुटत तिकडच्या खड्ड्यात एक कळशी ओते. तेवढ्यात ठमाबाई उठून टाचा पुढे करून बसलेली असे.

"झोप लागली का?" मंजुळा तेल चोळताना विचारी.

"पंखा लय कुरकुरतो गो."

"कुरकुरणारच!" मंजुळा म्हणे, आणि बाटलीतले आणखी थोडे तेल हातावर घेई.