आठव्या हातावरची भिंत
टाकीत ब्लीचिंग पावडर टाकली की त्या वासाने मला हैदराबादचा पोहण्याचा तलाव आठवतो, आणि त्याच्याही आधी आमच्या बेला गावाजवळची एक दगडी विहीर. आमच्याकडे तलाव नव्हता, म्हणून आम्ही दोघी मैत्रिणी हैदराबादच्या पोहण्याच्या स्पर्धेचा सराव विहिरीतच करायचो. निघायच्या आदल्या दिवशी पोहणं शिकवणाऱ्या सरांनी आम्हाला विहिरीच्या पायरीवर बसवलं. "डोळे मिटा आन पुरी शर्यत मनात पोहा." मला काहीच दिसेना, म्हणून मी हळूच मैत्रिणीकडे पाहिलं. तिचे ओठ मनात मारलेले हात मोजत होते. दर आठ हातांनी ती मान खाली घालायची आणि भिंतीला रेटा द्यावा तसे पाय झटकायची. आठ हातांवर भिंत होती ती विहिरीची. हैदराबादचा तलाव पन्नास मीटरचा होता. सांगावंसं वाटलं, पण सर कौतुकाने तिच्याकडे बोट करून मला म्हणाले, "पाह्य, अशी पोहाची शर्यत मनात!" तिने डोळे उघडले. "काय व, काऊन घाबरून राह्यली? मी तं जिंकून बी आली." मी पिशवी भरायला उठले. हैदराबादला शिट्टी वाजली, ती सगळ्यांच्या पुढे गेली आणि माझी पाळी नंतर असल्याने मी काठावरून तिचे हात मोजू लागले. आठव्या हाताला ती उलटली, नसलेल्या भिंतीला तिने रेटा दिला आणि नाकातोंडात पाणी जाऊन बुडाली. तिला वर काढलं तेव्हा ओठ निळे पडले होते. ती वाचली, पण पुन्हा पाण्यात उतरली नाही. अजूनही भेटली की म्हणते, "कोनाले काय मालूम होतं व?" मला मालूम होतं, हे मी तिला अजूनही सांगितलेलं नाही.