माईच्या हातांवर बेतलेली मेटाडोर

प्रवासाच्या आदल्या दिवसापासून पाणी तोडणाऱ्या माझ्या मैत्रिणींनो, हे तुमच्यासाठी लिहिते आहे. निघताना चहा नको, वाटेत ताक नको, उसाचा रस तर नकोच. का? तर मध्येच जावं लागलं तर जायचं कुठे? ढाब्यामागचं कडी नसलेलं दार, पेट्रोलपंपावरचं कुलूप, नाहीतर बाभळीचं झुडूप. पुरुषांना अख्खा रस्ता मोकळा. आपण मात्र ओठ सुकवून खिडकीतून निसर्ग बघायचा! तीस वर्षं मी व्यासपीठावरून बायकांच्या हक्कांवर गर्जते आहे, आणि त्या सभांना स्वतः तहानलेली जाते आहे. लाज वाटते, पण खरं आहे.

माझी थोरली बहीण माई बुऱ्हाणपूरच्या बुधवाऱ्यात दिली. दोन वर्षांपूर्वी एका लग्नाहून परतली ती मूत्रमार्गाच्या संसर्गानं तापून. आठ दिवस दवाखान्यात. त्यानंतर तिनं उंबरा धरला. लेक इंदूरला, नातू चालायला लागला, तरी माईनं त्याला पाहिलं ते फोनवरच. "घरच बरं बाई," हे एकच पालुपद. मग मी ठरवलं, माई घर सोडत नाही ना, तर तिला चाकांवरचं घर देऊ.

सेवानिवृत्तीच्या पैशातून एका बँडपथकाची जुनी मेटाडोर घेतली. इंजिन धडधाकट, पण आतून काय वर्णावी! गुलाबी रंग, छताला आरशांचे तुकडे आणि कोपऱ्यात कुणाची तरी विसरलेली झांज. दिवाळीनंतर एका गारव्याच्या सकाळी जळगाव सोडलं. भुसावळ, मुक्ताईनगर, मग इच्छापूरपाशी राज्याची हद्द ओलांडली की बुऱ्हाणपूर. नव्या गाडीला दोन-सव्वादोन तास, माझ्या म्हातारीला साडेतीन. दोन्ही बाजूंना केळीच केळी, आणि पुढे घडांनी लादलेला ट्रक असला की शांतपणे मागे राहायचं. भाषावार प्रांत झाले तेव्हा ही रेघ नकाशावर पडली, पण माणसांच्या बोलण्यात ती मला अजून सापडलेली नाही.

लाकूडकाम बुऱ्हाणपुरातच करायचं, याचं कारण नथ्थू मिस्त्री. सत्तरीचे सुतार, उमेदीत दमण्या बनवायचे, म्हणजे बायकामुलांना घेऊन जाणाऱ्या छपराच्या बैलगाड्या. मी मोबाइलवरची चित्रं त्यांच्यापुढे धरली: घडीचं टेबल, निळे दिवे, पांढरी कपाटं, कोपऱ्यात शौचालय. मिस्त्रींनी चष्मा वर केला.

"बाईजी, ही तर दुकानाची शोकेस झाली. उभ्या गाडीत सगळंच मस्त. गाडी चालली की पोल खुलते."

"मग मापं कशी घेणार?"

"माप टेपानं नाही होत. बसणार कोण?"

"माझी बहीण."

"मग तिलाच बोलवा."

आणि त्यांनी वाटीत गेरू कालवला.

त्यांची पद्धत अशी: गाडी आतून रिकामी करायची, पांढरा चुना मारायचा, खाली नुसती गादी. जिच्यासाठी गाडी करायची तिच्या दोन्ही तळव्यांना ओला गेरू लावायचा आणि खराब रस्त्यानं फिरवून आणायचं. हादरा बसला की हात आपोआप जिथे जातो, तिथे छाप उठतो. मुठी, फळ्या, कठडे सगळं त्या छापांवरून. दमणी अशीच व्हायची. हे ऐकून मी तिथेच टाळी वाजवली. कुठल्याही व्हिडिओत हे सापडलं नव्हतं!

माई तयार होईना. शेवटी नातवाची शपथ घातली. भाऊजी, म्हणजे तिचे यजमान, निवृत्त शाळामास्तर, तेवढ्यात बोललेच, "घरात दोन संडास आहेत, आता तिसरा चाकांवर. जमाना पुढे चाललाय, भई." तरी माझ्या शेजारच्या सीटवर तेच आधी जाऊन बसले.

पहिल्या दिवशी खकनारच्या वाटेवरच्या गावरस्त्यांनी गेलो. खड्डे इतके इमानदार की एकही चुकला नाही. मागून माईचा आवाज यायचा, "अगं बैल हाकतेस की गाडी?" वाटेत एका टपरीवर गरम भजी आणि तर्रीदार शेवभाजी खाल्ली, तिघांत दोनशे रुपयेही झाले नाहीत. माईनं गेरूच्या हातांनी खायचं कसं म्हणून भाऊजींकडून घास भरवून घेतले. टपरीवाली हसून लोटपोट. "अहो काका, असंच रोज भरवत जा की!"

परत आलो. मिस्त्री आत शिरले. खिडकीखाली, छताच्या आडव्या पट्टीवर, दाराशी छापच छाप. शौचालयाच्या कोपऱ्यात पडद्याआड तात्पुरता डबा ठेवला होता. तिथे एकही नाही.

"दिवसभर एकदा पण नाही उठल्या?"

"लागलंच नाही," माई म्हणाली.

"पाणी प्यायल्या?"

माई पदराशी खेळत राहिली.

मिस्त्री माझ्याकडे वळले. "हा कोपरा मी नाही बनवणार. ज्या जागी हात नाही, तिथे मूठ लावू कुठे? आणि मूठ नसली तर या गुडघ्यांनी त्या उठणार कशा?"

संडास मी आणला होता, पण माईची सवय तशीच होती.

दुसऱ्या दिवशी माईच्या तळव्यांना पुन्हा गेरू लावून असीरगढचा रस्ता धरला, इंदूरला जाणारा. निघताना माईसमोर तांब्या ठेवला आणि माझ्यासमोर दुसरा. "तू पिणार नसशील तर मीही नाही," म्हटलं, "आणि गाडी मी चालवते आहे, चक्कर आली तर बघ." तिनं डोळे मिटून, औषधासारखं, सगळं पाणी प्यायलं.

डोंगर जवळ आले. वर किल्ला दिसायला लागला, मी आनंदानं ओरडतच होते, तेवढ्यात मधल्या काचेवर थाप पडली.

"गाडी थांबव."

"आता असीर दहा मिनिटांवर आहे," भाऊजी मागे न बघता म्हणाले, "धर थोडं."

"चाळीस वर्षं धरलं," माई म्हणाली. "थांबव गं."

मी कडेला घेतली. भाऊजी उतरले, पाठ करून उभे राहिले. एक केळीवाला ट्रक हळू झाला. "क्या हुआ चाचा, पंचर?" भाऊजी क्षणभर अडखळले. मग अख्ख्या वर्गाला ऐकू जाणाऱ्या मास्तरी आवाजात म्हणाले, "नहीं भई, घरवाली को जाना था. तुम निकलो."

मला स्टिअरिंगवर डोकं टेकून हसू की रडू कळेना.

बुधवाऱ्यात परतल्यावर मिस्त्रींनी कोपरा पाहिला. एक छाप खांद्याच्या उंचीवर, दुसरा खाली, गुडघ्याजवळ, जोर लावून उठताना घसरलेला. म्हाताऱ्यानं मांडीवर थाप मारली. "बस! आता झालं काम!"

नऊ दिवस लागले. जुन्या दारांचा साग, बुऱ्हाणपूरच्याच कापसाची गादी, वेल असलेला पडदा, झाकणाचा डबा, मजुरी, सगळं मिळून चाळीस हजारांच्या आत. तुम्ही करणार असाल तर पायरी आणखी वीतभर खाली घ्या, ही एक चूक आम्ही केली. वाट बघताना मावा जिलबी आणि रव्या-तुपाचा दराबा भरपूर खाल्ला, त्याचा हिशेब विचारू नका.

मग आम्ही तिघं इंदूरला गेलो. माई वाटेत तीनदा उठली. दारात नातू उभा होता, आजी फोनमधून बाहेर आल्याचं त्याला पटेना. त्यानं आधी तिचं नाक ओढून पाहिलं.

आता जळगावला परत आले आहे. मेटाडोर अंगणात उभी आहे, आणि पुढच्या महिन्यासाठी माईनं ती स्वतःहून मागितली आहे. तरीही सांगते, सागाच्या मुठींचं कौतुक मला आहेच, पण इंदूरला पोचवलं ते असीरच्या अलीकडे तिच्या तोंडून निघालेल्या दोन शब्दांनी. ते शब्द बसमध्ये, भाड्याच्या जीपमध्ये, जावयाच्या मोटारीतही चालतात. त्यांना सुतार लागत नाही.

म्हणून एकच काम करा. पुढच्या प्रवासात, पहिल्यांदा जावंसं वाटेल त्याच क्षणी, गाडीतल्या प्रत्येकाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगा: गाडी थांबवा.