गुलाबी बगळा

आमच्या सुरतेच्या पक्षीनिरीक्षकांच्या ग्रुपवर काल एकाने फोटो टाकला. खाडीकाठचा पांढरा पक्षी, पण पोटाखाली गुलाबी. "कोणती जात असेल?" नावं सुचवली जात होती. मी मात्र मनाने लहानपणीच्या, पांडेसऱ्यातल्या गिरण्यांजवळच्या नाल्यावर जाऊन पोचले.

वैशाखातली दुपार होती. पाण्यातून रंगाचा नाकात झोंबणारा वास येत होता. आठ वर्षांच्या मला तिथे असाच गुलाबी पक्षी दिसला. कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमधून पाळी संपवून निघालेल्या आबांना, माझ्या वडिलांना, मी ओढतच आणलं. "आबा, हाऊ नवा पक्षी शे!"

त्यांनी पक्षी नीट पाहिला आणि आमच्या अहिराणीत म्हणाले, "बगळा शे, बेटा. हाऊ आमना मिलना रंग शे." मग त्यांनी दोन्ही हात खिशात घातले. त्यांना माझं कौतुकच नाही, असं वाटून मी रात्रीपर्यंत रुसून बसले.

पुढे नोकरीत असतानाच आबा गेले. शेवटची आंघोळ घालताना काकांनी त्यांचे हात दोनदा साबणाने घासले. नखं गुलाबीच राहिली.

फोटोखाली मी एवढंच लिहिलं, "बगळा आहे. रंग त्याचा नाही."